बांधावरचा रोट

१

माणूस मेला होता याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. तो कुणाच्या शेतात मेला, यावर मात्र सगळं उपीना गाव तावातावाने बोलत होतं.

मी पोचले तेव्हा तांबट वाल्वा नुकत्याच पेरलेल्या मातीत पालथा पडलेला होता. डोक्याला मागून मार बसला होता आणि पाय उघडे होते. नदीपलीकडच्या गावचा हा माणूस दर पेरणीला येऊन नांगरांचे फाळ ठोकून द्यायचा. त्याने ठोकलेला फाळ निम्म्या गावाच्या नांगराला असेल, पण त्याच्या अंगावर चादर टाकायचं एकालाही सुचलं नव्हतं.

मी अरुमुरा. विटाळ काढणाऱ्या, कौल लावणाऱ्या बाईला आमच्या मुलखात म्हातारीच म्हणतात. ऐन तरुणपणी मला पहिल्यांदा म्हातारी म्हणाले तेव्हा मी घरी जाऊन रडले होते. आता वयानेच ते नाव खरं केलं आहे, तेव्हा तक्रार नाही.

सरहद्दीचा अंमलदार पुल्ली घोड्यावरून उतरलासुद्धा नव्हता. त्याच्याबरोबरचा, पक्ष्यांवरून शकुन सांगणारा पक्षी बघणारा मान मागे टाकून आकाशात गरुड शोधत होता.

"आजी, तुझं काम तेवढं उरकून घे," पुल्ली म्हणाला. "निवाडा झाल्यातच जमा आहे. मारेकरी सापडत नसेल तर ज्याच्या शेतात मुडदा, त्याचं शेत आणि घर मेलेल्याच्या वारसाला. कायदा दगडासारखा स्वच्छ आहे. आणि दगड तो बघ, तिकडे."

दगड खरोखरच तिकडे होता. शेताच्या टोकाला बांधाची खूण म्हणून पुरलेला, गुडघ्याएवढा. दगडाच्या पलीकडे लुपक्कीचं शेत, अलीकडे दुद्दूचं. वाल्वा अलीकडे पडला होता, दगडापासून हाताच्या अंतरावर.

दुद्दू म्हणजे पश्चिमेकडच्या लढाईत पकडून आणलेल्यांपैकी. सरकारने त्याला बैल दिले, बियाणं दिलं आणि हा पडीक तुकडा देऊन इथे बसवलं. पडीक होता तोवर तुकड्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. दुद्दूने दगड वेचून त्याची जमीन केली, तेव्हापासून गावाला तो तुकडा डोळ्यांत सलत होता.

"सरकार," दुद्दू गुडघ्यांवर बसून म्हणाला, "हे शेत गेलं तर मला पुन्हा बेड्या घालून देवळाच्या गिरणीत बसवतील. बायको एका देवळात, पोर दुसऱ्या. त्यापेक्षा मला इथंच मारा."

"मारायचा कायदा नाही," पुल्ली म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

तेव्हा दुद्दू उठला. दगडाकडे बोट दाखवून ओरडला, "तो दगड तिथं नव्हता! कालपर्यंत अलीकडे होता! माझं शेत एवढं मोठं नव्हतं!"

सगळं गाव हसलं. मी मात्र हसले नाही. आपलं शेत वाढलं म्हणून रडणारा माणूस मी एवढ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

२

"मुडद्याचा विटाळ निघाल्याशिवाय निवाडा देता येत नाही," मी पुल्लीला म्हटलं. हे खरं होतं. "आणि मेला कसा ते कळल्याशिवाय विटाळ निघत नाही." हे मी तिथल्या तिथे रचलं.

पुल्लीने नाक मुरडलं. "मेलेल्याचा भाऊ नदी ओलांडून येतोय. तो येईपर्यंत वेळ घे. मी लुपक्कीकडे जेवायला जातो."

निवाडा करणाऱ्याने कुणाच्या घरी जेवावं याचाही काही कायदा असता तर बरं झालं असतं.

मी वाल्वाला उताणा केला. त्याच्याखाली रक्त मातीत खोल मुरलं होतं. म्हणजे तो पडला तिथेच मेला होता, त्याला कुणी ओढत आणलेलं नव्हतं. एवढं गावालाही कळलं होतं, आणि म्हणूनच गाव एवढं खुशीत होतं. मी त्याचं डोकं धुतलं. रक्ताने चिकटलेल्या केसांत मातीबरोबर गव्हाचे दाणे होते. ते मी पदराला बांधले आणि त्याचे जोडे कुणाकडे आहेत ते शोधायला निघाले.

शोधायला लांब जावं लागलं नाही. डोंगरातल्या कश्की टोळीचा धनगर पिग्गा ओढ्यापाशी बसला होता आणि त्याच्या पायांत चोच वर वळलेले, शहरी धाटणीचे नवे जोडे होते. कश्की माणसाने असले जोडे विकत घेतल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

"चावतात का रे?" मी विचारलं.

तो दचकून उठला, मग पुन्हा बसला. "थोडे चावतात. आजी, मी मारलं नाही त्याला. आधीच मेला होता. मेलेल्याला कशाला लागतात जोडे?"

"आणि तू सांगितलंस की कुणीही खरं मानणार, असं वाटतं तुला?"

"नाही मानणार. इथं कोकरू हरवलं तरी आधी माझ्या झोपडीत शोधतात." तो जोडे काढायला लागला. "मी सकाळी मेंढरं घेऊन निघालो. त्या दगडापाशी कावळ्यांची झुंबड उडाली होती. म्हटलं काय आहे बघावं, एखादं मेलेलं पिल्लू असेल. जवळ गेलो तर हा दिसला."

"कावळे त्याच्या अंगावर होते?"

"नाही हो. सांगतोय ना, दगडापाशी. त्याच्याकडे बघतही नव्हते मेले."

मी त्याला म्हटलं, जोडे राहू देत पायांत, पण आज लंगडत चालू नकोस, कुणी बघेल. मग तिथेच ओढ्याकाठी थोडा वेळ बसून राहिले. ताजा मुडदा सोडून कावळे दगड का टोचत होते?

३

लुपक्की मला त्याच्या दारातच भेटला. आतून मटणाचा वास येत होता आणि पुल्लीचं हसणं ऐकू येत होतं.

लुपक्कीला मी लहानपणापासून ओळखते. देवभोळा माणूस. सूर्याकडे तोंड करून तो थुंकायचासुद्धा नाही. सणाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी देवळात, सगळ्यांच्या आधी हात धुतलेले. त्याच्या गड्यांना मात्र तो सणाच्या दिवशीही मारायचा, पण आधी त्यांना देवळाच्या आवाराबाहेर नेऊन.

"ये, आजी. दोन घास खाऊन जा."

"विटाळात खात नाही. वाल्वा काल तुझ्याकडे आला होता म्हणे?"

"आला होता. माझा फाळ ठोकून दिला आणि गेला. तिथून दुद्दूकडे गेला असणार. ही बाहेरून आणलेली माणसं, आजी. यांचे देव वेगळे, यांच्या शपथा वेगळ्या. मी कुणावर आळ घेत नाही. पण त्याच्या शेतात सापडला, आता काय करायचं?"

"आणि तो म्हणतो दगड हलवला."

"कुणी? मी?" लुपक्की खऱ्या दुखावलेल्या सुरात म्हणाला. "दगड हलवून मी माझंच शेत लहान करीन? आजी, लोक शेजाऱ्याची जमीन चोरतात. शेजाऱ्याला आपली जमीन दान करणारा अजून जन्माला यायचाय. गावच्या वडीलधाऱ्यांना विचार, दगड तिथंच होता."

वडीलधाऱ्यांना मी विचारलं. तिघेही एका सुरात म्हणाले की दगड आमच्या आजोबांपासून तिथेच आहे. नांगरलेल्या सपाट मातीत दगड नेमका कुठे होता हे एरवी एकालाही सांगता आलं नसतं. आज मात्र सगळ्यांना लख्ख आठवत होतं.

मग दुद्दूच्या घरी गेले. त्याची बायको तियारा चुलीपाशी बसली होती, पण चूल पेटलेली नव्हती. मला बघून ती उठली आणि काहीतरी द्यायला हवं म्हणून तिने शिळी भाकरी पुढे केली. विटाळात खात नाही हे मी तिला सांगू शकले नाही. घेतली. सातूची होती, कडक.

"गहू नाही का घरात?"

"गहू कुठला, आजी? सरकारनं बियाणं दिलं तेही सातूचं. आम्ही सातू पेरतो, सातू खातो. गहू लुपक्कीच्या कणगीत. अझिया भाजते तिकडे तेव्हा वास येतो आमच्यापर्यंत."

पदराची गाठ मी मुठीत घट्ट धरली.

"दुद्दू," मी विचारलं, "तुमच्या मुलखात बांधाचा दगड हलवला तर काय करतात?"

तो गोंधळला. "आमच्याकडे बांधावर दगड नसतो, आजी. अंजिराचं झाड लावतात. झाड कसं हलवणार?"

मी उठले. तो मागून म्हणाला, "आजी, मी खोटं बोलत नाही." त्याच्या आवाजात इतका हताशपणा होता की मला त्याचाच राग आला. खरं बोलणाऱ्याने एवढं घाबरावं, असं हे आमचं गाव.

४

अझिया लुपक्कीच्या घरची दासी. तीही पश्चिमेकडची, तियाराच्याच बोलीतली. दोघी ओढ्यावर कपडे धुताना आपल्या बोलीत गाणी म्हणायच्या आणि गावातल्या बाया नाकं मुरडायच्या. अझियाची मुलगी निनू नेहमी तिच्या पदराला धरून असायची. पोरीचं नाक लुपक्कीसारखं होतं, आणि ते सगळ्यांना माहीत असून कुणालाच माहीत नव्हतं.

ती भट्टीपाशी राख काढत होती.

"काल संध्याकाळी काय भाजलंस गं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नेहमीचंच. मग धन्यानं हाक मारली, म्हणाला गव्हाचा रोट लाव, जाडा, देवाचा. पीठ मळायच्या आधी हात धू म्हणाला. दोनदा धुवायला लावले. मी म्हटलं सण कुठला? तर म्हणे तोंड बंद ठेव." ती हसली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू थांबलं. "का, आजी? काय झालं?"

"रोट कुठे गेला?"

"घेऊन गेला तो. गरमच होता. बांधाकडे गेला." तिने हातातली राख खाली सोडली. ती हुशार होती, तिला माझ्याइतकंच कळलं. "तियाराचं घर वाचेल का यानं?"

"वाचेल."

"मग सांगा सगळ्यांना. मी सांगते हवं तर, पुल्लीसमोर."

"तू गप्प बस," मी तिला म्हटलं. "तू मला काही सांगितलं नाहीस. मी तुझं नाव घेणार नाही."

बाहेर कुत्री भुंकायला लागली. नदीकडून माणसं येत होती. वाल्वाचा भाऊ आला होता.

५

भावाचं नाव हापुती. त्याने वाल्वाच्या अंगावर आपला अंगरखा पांघरला. दिवसभरात त्या मुडद्यावर कुणी काही पांघरलं ते पहिल्यांदाच. मग त्याने सभोवती शेताकडे नजर टाकली आणि कसदार मातीची ढेकळं पायाने फोडून बघितली. दुःख आणि हिशेब माणसाच्या मनात एकाच वेळी नांदू शकतात, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

सगळे जमले होते. पुल्ली जेवून, सुस्तावून घोड्यावर बसला होता.

"सरकार, विटाळ काढायला मला या मातीतला दाणा लागेल," मी म्हटलं. "दुद्दू, तू इथे काय पेरलंस?"

"सातू."

"लुपक्की, तू?"

"गहू. सगळ्या गावाला माहीत आहे."

मी वाल्वा पडला होता तिथली माती दोन्ही हातांनी उकरली आणि पुल्लीसमोर धरली. पदराची गाठ सोडून त्यात केसांतले दाणेही टाकले. "सरकारच बघा. दुद्दूच्या घरात गव्हाचा दाणा नाही, पण त्याच्या शेतात गहू पेरलाय."

वडील मंडळी एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागली. पुल्ली मात्र घोड्यावरून उतरला आणि स्वतः माती चिवडत दगडापासून मागे मागे गेला. जिथे सातू लागला तिथे थांबला. वाल्वा त्या जागेपासून चांगला पलीकडे होता, लुपक्कीच्या गव्हात.

"म्हणजे दगड हलला," पुल्ली म्हणाला. "पण कुणी हलवला? दुद्दूनेच हलवला असेल, जमीन खायला."

"जमीन खायला दगड हलवला आणि मग स्वतःच ओरडून सांगितलं?" मी म्हटलं. "दगड उचलायला लावा."

दोघांनी दगड आडवा केला. खाली, दाबून बसवलेला, अर्धा रोट होता. जाडा, गव्हाचा, हातांनी मोडलेला. उरलेला अर्धा बाहेर ठेवला होता, तो कावळ्यांनी संपवला होता. पक्षी बघणाऱ्याने तेव्हा कुठे आकाशावरून नजर खाली आणली.

बांध बदलला की सूर्यदेवाला, वादळदेवाला रोट मोडायचा आणि माफी मागायची, ही आमची रीत. शेत विकत घेतलेलं असो की बळकावलेलं, रोट चुकत नाही. या गावातला प्रत्येक माणूस तो मोडील. दुद्दूला ती रीत ठाऊकच नव्हती.

"हा रोट कुणाचा?" मी विचारलं.

लुपक्कीचा चेहरा मातीसारखा झाला होता, पण तो गप्प होता. गप्प राहिला असता तर कदाचित सुटलाही असता, कारण पुल्लीच्या पोटात त्याचं मटण होतं.

"कुणाचाच नाही? मग देवाचाही नाही," मी म्हटलं आणि रोट उचलला. बांधाशी एक डुक्कर हुंगत फिरत होतं. मी त्याला हाक मारली आणि हात पुढे केला.

"आजी, नको!" लुपक्की धावत आला आणि त्याने माझं मनगट धरलं. "डुकराला नको! देवाचा आहे तो! मी मोडलाय, नेमानं मोडलाय, हात धुऊन!"

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. माझं मनगट मात्र त्याने सोडलं नाही, रोट डुकरापासून वाचला आहे याची खात्री होईपर्यंत.

६

मग सगळं बाहेर आलं. फाळ हलका झालाय, तांबं चोरलंस, असं लुपक्की म्हणाला. नाही चोरलं, असं वाल्वा म्हणाला आणि पाठ फिरवून शेतातून चालू लागला. लुपक्कीच्या हातात काठी होती.

"उचलून का नाही टाकलास दुसरीकडे?" पुल्लीने विचारलं.

"मेलेल्याला शिवू कसा?" लुपक्की म्हणाला. "दुसऱ्या दिवशी देवळात जायचं होतं."

नांगराच्या एका तासाएवढ्या जमिनीसाठी हा माणूस देवापुढे थरथर कापला होता आणि माणूस मारताना त्याचा हात कापला नव्हता. हे मी मोठ्याने म्हटलं. कुणी मान हलवली नाही, कारण त्यांना त्यात चुकीचं काही दिसलं नाही.

पुल्लीने घसा खाकरला. "लुपक्की, भांडणात मारलंस की हात चुकला?"

तो प्रश्न नव्हता, ती वाट होती. भांडणात मारलं तर मेलेल्याच्या वारसाला चार माणसं द्यावी लागतात, हात चुकला तर दोन. आपल्या घरातली, देणारा निवडील ती.

"हात चुकला," लुपक्की म्हणाला.

"कायदा स्वच्छ आहे," पुल्ली म्हणाला. "दोन माणसं हापुतीला दे. दगड पुन्हा जागेवर बसव."

लुपक्कीने घराकडे बघितलं. मी अझियाचं नाव घेतलं नव्हतं, एकदाही नाही. पण त्या घरात रोट भाजणारी एकच बाई होती, आणि लुपक्की देवभोळा असला तरी मूर्ख नव्हता.

"अझियाला ने," तो हापुतीला म्हणाला. "आणि तिची पोर. झाली दोन."

"पोर लहान आहे," हापुती कुरकुरला.

"माणूसच आहे की," पुल्ली म्हणाला. "कायद्यात वय लिहिलेलं नाही."

पुल्ली पुन्हा घोड्यावर चढला तसा मी लगाम धरला. "सरकार, ती पोर याचीच—"

"आजी," तो हळू म्हणाला, "दुद्दूचं शेत तू वाचवलंस. तेवढं पुरे कर."

अझिया रडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, आणि तेच मला सोसवलं नाही. तियारा दारातून धावत आली, तिला मिठी मारून त्यांच्या बोलीत काहीतरी बोलत राहिली. आपलं घर वाचलं कुणामुळे हे तिला कळलं असावं, कारण थोड्या वेळाने ती बोलायची थांबली आणि नुसतीच धरून राहिली.

"दगड बसवायचा तर नवा रोट लागेल," वडीलधाऱ्यांपैकी एकजण म्हणाला. "बांध पुन्हा बदलतोय ना."

"भाजेल कोण?" लुपक्की म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने जाणाऱ्या अझियाला हाक मारून परत बोलावलं. "तेवढा भाजून जा."

तिने भाजला. मळायच्या आधी हात दोनदा धुतले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. रोट माझ्या हातात दिला, मुलीला कडेवर घेतलं आणि हापुतीच्या मागून नदीकडे चालायला लागली. निनू खांद्यावरून मागे बघत होती. कुणाकडे ते मी पाहिलं नाही.

दगड सातूच्या कडेला पुन्हा उभा राहिला. दुद्दूचं शेत पूर्वीएवढं लहान झालं आणि तो तोंड झाकून रडत होता. लुपक्की हात जोडून माझ्या शेजारी उभा होता. रोट इतका गरम होता की बोटं भाजत होती. मी तो मोडला आणि म्हणायचं असतं ते म्हटलं.

"सूर्यदेवा, वादळदेवा, इथे कुणाचं कुणाशी भांडण नाही."